तिसरं पाणी

"बघ. नीट बघ. दिसतंय काही?"

विभावरीताईंनी जेलचा, म्हणजे प्रोटीनं ज्यातून पळवतात त्या जेलीच्या पातळ वडीचा, फोटो माझ्या नाकासमोर धरला. काळ्या कागदावर सहा उभ्या रांगा. पहिल्या रांगेत मापाच्या खुणा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. उरलेल्या पाच रांगांत मधोमध एकेक हिरवी, लखलखीत रेघ यायला हवी होती. तिथं नुसता काळोख. सगळा हिरवा रंग तळाशी जाऊन बसलेला, कुणालाही न चिकटता.

"नाही दिसत," मी म्हणाले.

"का नाही दिसत?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नाही! अठरा दिवस 'मला करू द्या, मला करू द्या' करत माझ्या डोक्यावर नाचलीस. घे, केलंस! एन्झाइमची नळी बाहेर टाकून डबा खायला गेलीस ना काल? तेव्हाच मेलं ते."

"नळी मी बर्फात ठेवली होती."

"बर्फाचं पाणी झालं होतं."

"नव्हतं झालं."

"उलट बोलू नकोस."

"उलट नाही, खरं बोलतेय."

लॅबमधले बाकीचे चार-पाच जण आपापल्या कामात खूप बुडाल्यासारखं दाखवत होते. कान मात्र सगळ्यांचे आमच्याकडे.

ही गोष्ट अडीच वर्षांपूर्वीची. आता मी बारावीला आहे, तेव्हा नुकतीच नववी संपली होती. पुण्यातली एक मोठी संशोधन संस्था दर मे महिन्यात राज्यभरातून आठ मुलं परीक्षा घेऊन निवडते आणि एकवीस दिवस खऱ्याखुऱ्या लॅबमध्ये काम करू देते. बार्शीच्या मराठी शाळेतून निवडली गेलेली मी पहिलीच. आणि खरी गंमत पुढे होती: आठांतल्या एकालाच बारावीपर्यंत दर सुट्टीत परत बोलावतात. ती जागा माझीच, असं मी निघायच्या आधीच आमच्या अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. किराणा दुकानदाराला सांगितलं, शाळेच्या शिपाईमामांना सांगितलं, शेजारच्या काकूंना तर दोनदा. सहलीला जाऊन आल्यासारखं हात हलवत परत जाणं मला परवडणारं नव्हतं.

माझ्या नशिबी आल्या विभावरी साठ्ये. पीएचडीचं सहावं वर्ष. पहिल्याच दिवशी मी "ताई" म्हणाले, तर म्हणाल्या, "मी तुझी ताई नाही." मग मी मुद्दाम प्रत्येक वाक्यात ताई लावायला लागले. त्यांनी माझं नाव ठेवलं 'उत्साहमूर्ती'. "आल्या उत्साहमूर्ती!" "उत्साहमूर्ती, त्या यंत्राला हात लावायचा नाही!" केतकी होनराव हे नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं.

त्यांचं काम मात्र भन्नाट होतं, ते मी त्यांच्या तोंडावरही कबूल केलं असतं. शरीरात लपून बसणाऱ्या एका जंतूला बरोबर जाऊन चिकटणारं प्रोटीन त्या बनवत होत्या. त्याला चमकणारं हिरवं लेबल लावलं, की सूक्ष्मदर्शकाखाली जंतू लपला तिथं दिवा लागणार. लेबल लावायचं काम सॉर्टेज नावाच्या एन्झाइमचं. पुस्तकात आम्ही एन्झाइमला विकर म्हणतो. प्रोटीनच्या शेपटाला एक ठरावीक खूण असते. सॉर्टेज ती खूण हुडकतं, तिथं कात्री चालवतं आणि तुटलेल्या टोकाला लेबल जोडून मोकळं होतं. हजार ठिकाणं सोडून नेमकं त्याच ठिकाणी! फक्त लेबलच्या पुढच्या टोकाला ग्लायसिन असावं लागतं. प्रोटीन ज्या मण्यांचं बनतं त्यातला हा सगळ्यात छोटा मणी. एन्झाइमच्या हाताला तो लागला की ते जोडतं. हे सगळं मला भिंतीवरच्या पोस्टरवरून कळलं, कारण विभावरीताई काही सांगायच्या नाहीत.

फोटोच्या दोन दिवस आधीचंच घ्या. त्यांनी सहा आठवडे खपून प्रोटीन तयार केलं, ते पातळ, पारदर्शक पापुद्र्याच्या नळीसारख्या पिशवीत भरलं, दोन्ही टोकं चिमट्यांनी बंद केली आणि पिशवी एक लिटरच्या बीकरमध्ये सोडली. कोल्ड रूममध्ये, ढवळणाऱ्या यंत्रावर.

"हे पहिलं पाणी, मी घातलंय. एक वाजता दुसरं, चार वाजता तिसरं. बाटल्या इथं भरून ठेवल्यात. बदललं की पट्टीवर वेळ आणि सही. हे बफर, क्षार मोजून घातलेलं पाणी, करायला माझा अख्खा दिवस गेलाय, एक थेंब वाया घालवलास तर बघ."

"पण ताई, पाणी बदलायचं कशासाठी?"

"तुझ्या कुंडलीसाठी. सांगितलंय तेवढं कर."

मी केलं. एक वाजता केलं, चार वाजता केलं. बीकरवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर वेळ लिहिली, खाली 'के. हो.' अशी ऐटबाज सही ठोकली. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यातलं थोडं प्रोटीन घेतलं, मी एन्झाइम आणि लेबल आणून दिलं, आणि त्याचा हा फोटो.

"काय चाललंय?" दारातून आवाज आला. कर्णिक मॅडम. लॅब त्यांची. आवाज कधीच चढत नाही, पण त्या बोलल्या की यंत्रंसुद्धा हळू चालतात.

"हिनं एन्झाइम मारलं, मॅडम."

"नाही मारलं, मॅडम."

मॅडमनी फोटो घेतला, खिडकीशी जाऊन पाहिला. "मेलंय की नाही, भांडून कळणार आहे का? मागच्या वर्षीचं प्रोटीन फ्रीजरमध्ये आहे, त्याला लेबल लागतं हे आपल्याला माहीत आहे. तेच एन्झाइम, तेच लेबल, जुनं प्रोटीन. आत्ता लावा. दुपारी तीनला मला फोटो दाखवा."

"मी लावते," विभावरीताई म्हणाल्या.

"मी लावते," मी म्हणाले.

"केतकी लावेल. विभावरी बघेल."

विभावरीताई माझ्या खांद्यामागे इतक्या जवळ उभ्या राहिल्या, की त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. माझा हात थरथरावा म्हणूनच, याबद्दल मला आजही शंका नाही.

"हळू. ते रंगपंचमीचं पाणी नाही."

"माहीत आहे, ताई."

"तुमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे ना? की फळ्यावर परीक्षानळीचं चित्र काढतात आणि पुसतात?"

"आहे की. आणि आमचे सर प्रश्न विचारू देतात."

मागे कुणीतरी खोकल्याचं नाटक करून हसलं. विभावरीताईंनी मान वळवून पाहिलं, खोकला बरा झाला.

तीन तास काय काढले मी! डबा उघडला, पुण्यात जिच्याकडे उतरले होते त्या मावशीनं दिलेली मेथीची भाजी बघत बसले आणि डबा तसाच मिटला. मेलं असेल तर? खरंच बर्फ वितळला असेल तर? मग मी बाद. गल्लीतले सगळे चेहरे एकामागून एक डोळ्यांपुढून गेले, शेजारच्या काकूंचा दोनदा.

तीनला जेल निळ्या दिव्याखाली ठेवलं. विभावरीताईंनी झाकण लावलं, मी दिव्याचं बटण दाबलं.

हिरवी रेघ! लखलखीत, जाडजूड. रांगेच्या मधोमध, जिथं असायला हवी बरोबर तिथं.

मी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. नाही बसले.

"अरेच्चा, मेलेलं एन्झाइम बरंच काम करतं की, ताई!"

आता मात्र लॅबमधले उघड उघड हसले. विभावरीताईंच्या गालांवर दोन लाल डाग उठले. एकाएकी त्या माझ्याएवढ्याच दिसायला लागल्या, आणि मला, खरं सांगते, फार फार बरं वाटलं.

मॅडम हसल्या नाहीत.

"म्हणजे एन्झाइम ठीक, लेबल ठीक," त्या म्हणाल्या. "दोष तुझ्या नव्या प्रोटीनमध्ये आहे, विभावरी. आणि तू सकाळपासून शाळेतल्या मुलीवर ढकलते आहेस."

"मॅडम, मी…"

"शुद्ध करायच्या कॉलमवरून प्रोटीन कशात उतरवलंस?"

"नेहमीसारखं. ग्लायसिनच्या द्रावणात."

"नंतर डायलिसिस?"

"केलं. पिशवीत भरून तीन पाणी दिली. पहिलं मी, पुढची दोन हिनं. पट्टीवर वेळ आहे, सही आहे."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "केतकी, दोन्ही वेळा बदललंस?"

"हो, मॅडम."

आणि मी खोटं बोलत नव्हते. त्या क्षणापर्यंत नव्हते.

"ग्लायसिन राहिलं असतं तर फोटो असाच आला असता," मॅडम जणू स्वतःशीच बोलत होत्या. "एन्झाइमला लेबलच्या आधी तेच सापडलं असतं, तेच जोडत बसलं असतं. पण तीन पाण्यांनंतर ते उरत नाही. म्हणजे प्रोटीनच बिघडलं. टाकून दे ते, विभावरी. आणि जुलैमध्ये प्रबंध द्यायचा विषय आता माझ्याकडे काढू नकोस. मी मुदत मागणार नाही, एकदा मागून झाली आहे."

"मॅडम, सहा आठवडे…"

"टाकून दे."

मी कोल्ड रूमच्या दाराकडे बघितलं.

कारण परवा एक वाजता मी काय केलं होतं, ते सांगते. मी कोल्ड रूममध्ये गेले. बीकरमधलं पाणी बघितलं. काचेसारखं नितळ. एक लिटर नितळ पाणी मोरीत ओतायचं? आमच्या गल्लीत तेव्हा पाच दिवसांनी नळ यायचा. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, आंघोळीचं बादलीत, आणि पिण्याचं चौपदरी फडक्यातून गाळलं की पुढच्या नळापर्यंत पुरवायचं. पाणी खराब झालं म्हणजे त्यात कचरा पडला, आणि कचरा पडला की गाळायचं, हे मला चालायला लागल्यापासून माहीत. त्यात ताईंनी बजावलेलं, एक थेंब वाया घालवू नकोस. मग मी फिल्टर पेपर घेतला, बीकरमधलं पाणी त्यातून सावकाश गाळलं आणि तेच परत पिशवीवर ओतलं. चार वाजता पुन्हा तसंच. कित्ती वेळ लागला, बोटं सुन्न पडली! माझ्या हिशेबी गाळलेलं म्हणजे बदललेलंच. नव्या बफरच्या दोन्ही बाटल्या मी न उघडता खालच्या फळीवर मागे सारून ठेवल्या. ताईंना शेवटच्या दिवशी दाखवणार होते. बघा, तुमचा अख्खा दिवस वाचवला.

पिशवीतून काय बाहेर पडायचं होतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. जे दिसत नाही ते गाळून जात नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि आता मॅडम म्हणत होत्या, ग्लायसिन.

कुणाला कळणार होतं? बाटल्या फळीवर मागे होत्या. मी जिंकले होते. विभावरीताईंनी अठरा दिवस जे केलं त्याची चांगली फेड झाली होती, तीसुद्धा सगळ्यांसमोर. तोंड मिटून उभी राहिले असते, तरी मला कुणी काही विचारणार नव्हतं.

विभावरीताईंनी फ्रिजमधून प्रोटीनची नळी काढली. ब्लीच भरलेल्या भांड्यावर धरली. त्यांचा अंगठा झाकणावर होता आणि झाकण काही केल्या फिरेना. मग फिरलं.

"थांबा!"

मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या खोलीतलं कुणीतरी डोकावून गेलं.

"आता काय?" विभावरीताई दातांतून म्हणाल्या. "अजून हसायचं राहिलंय?"

"ते बिघडलेलं नाही. त्यात ग्लायसिन आहे. मी पाणी बदललं नाही."

"काय?"

"मी गाळलं. फिल्टर पेपरमधून. दोन्ही वेळा तेच पाणी परत घातलं."

कुणीच हसलं नाही. विभावरीताईंनी झाकण परत लावलं, नळी बर्फात ठेवली, अगदी हळू, आवाज न करता. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"गाळलं," त्या म्हणाल्या.

"स्वच्छ दिसत होतं. आमच्याकडे असं फेकत नाहीत."

"आमच्याकडे! सहा आठवडे माझे! आणि वर सकाळपासून तोंड वर करून… मघाशी काय म्हणालीस मला? मेलेलं एन्झाइम काम करतं?"

"ते खरंच होतं. एन्झाइम मी मारलं नव्हतं."

"अजून बोलतेच आहे!"

"मी विचारलं होतं तुम्हाला," माझा आवाज फाटला, पण मी थांबले नाही, "पाणी कशासाठी बदलायचं. तुम्ही म्हणालात, तुझ्या कुंडलीसाठी."

मॅडमनी विभावरीताईंकडे बघितलं. "असं म्हणालीस?"

विभावरीताईंनी नजर बर्फातल्या नळीवर नेली. गालांवरचे डागही गेले, चेहरा सरसकट पांढरा.

"छान," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, सुटले. तर त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू. पट्टीवर सही कशाची केलीस?"

"पाणी… बदलल्याची."

"बदललं होतंस?"

"नाही."

"इथं कुणी कुणाच्या मागे उभं राहत नाही, केतकी. पट्टीवर जे लिहिलंय ते झालं, असं धरून पुढचा माणूस काम करतो. तू काय केलंस ते मला समजतं. तू जे लिहिलंस ते मी चालवून घेणार नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दर सुट्टीत बोलवायचं नाव मी काल ठरवलं होतं. ते आता बदलेल."

एवढंच. त्या निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

मी तिथंच उभी. रडायचं नाही, रडायचं नाही, विभावरीताईंसमोर तर मुळीच नाही. त्यांनी प्रोटीन नव्या पिशवीत भरलं, चिमटे लावले आणि कोल्ड रूमचं दार पायानं ढकललं.

"चल."

"मी?"

"मग कोण? बाटल्या कुठं लपवल्यास?"

"लपवल्या नाहीत. जपून ठेवल्या."

"बाहेर काढ."

परवाचं बीकर अजून तसंच होतं. एक लिटर, दोनदा गाळलेलं, काचेसारखं. त्यांनी बेसिनकडे बोट दाखवलं.

"ओत."

मी बीकर उचललं. तिरकं केलं. धार लागली.

"सगळं."

"ओततेय."

"तळाचं राहिलंय. सगळं म्हणजे सगळं."

शेवटच्या थेंबापर्यंत त्यांनी माझ्याकडून ओतून घेतलं, आणि मला असं वाटत होतं की आईच बघतेय. मग नवी बाटली उघडून बीकर भरलं. पिशवी आत सोडल्यावर विभावरीताई भिंतीकडे बघत, जणू भिंतीवर राग काढत, बोलायला लागल्या.

"पिशवीला भोकं असतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. प्रोटीन मोठं, आतच राहतं. ग्लायसिन एवढंसं, बाहेर येतं. आत आणि बाहेर सारखं झालं की यायचं थांबतं. म्हणून बाहेरचं फेकून नवं घालायचं. की उरलेलं परत बाहेर येतं. फिल्टर पेपर त्याला काय अडवणार? कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

मी सगळं परत म्हणून दाखवलं. त्यांनी एक चूक काढली. खरं तर चूक नव्हती, पण मी मान्य केली.

"परवाच सांगितलं असतं तर एवढाच वेळ लागला असता," मी म्हणाले.

"गप्प बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिसरं पाणी. तेही मीच ओतलं, तेही शेवटच्या थेंबापर्यंत. पट्टीवर वेळ लिहिली. सही करायला पेन टेकवलं, तर विभावरीताईंनी पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली, बीकर निरखून बघितलं, फळीवरची रिकामी बाटली उलटी करून बघितली, आणि मगच पट्टी परत दिली. "आता कर."

लेबल त्यांनी स्वतः लावलं. मला जवळसुद्धा येऊ दिलं नाही. संध्याकाळी निळा दिवा लागला तेव्हा मी दाराशी होते, त्यांच्या कोपराच्या फटीतून दिसलं: पाच रांगा, पाच रेघा, हिरव्यागार! माझ्या तोंडून "हुर्रे" निघालं. कुणी वळून बघितलं नाही. त्यांनी फोटो काढला आणि थेट मॅडमच्या खोलीत गेल्या.

एकविसाव्या दिवशी समारोप झाला. दर सुट्टीत बोलवायचं नाव जाहीर झालं: सुमन पाडवी, नंदुरबार. मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, म्हणजे हातांना काहीतरी काम. बार्शीची एसटी दीडची होती. बॅग घेऊन पायऱ्यांपर्यंत आले, तर मागून आवाज.

"ए, होनराव."

विभावरीताई. ॲप्रनच्या खिशात हात, केस विस्कटलेले, रात्रभर झोपल्या नसाव्यात.

"काय?"

"मी तुला माफ वगैरे केलेलं नाही."

"मी माफी मागितलीच नव्हती."

"मागायला हवी होतीस."

"तुम्ही पण."

 आतून कुणीतरी त्यांना हाक मारली, त्या वळल्या, आणि ते दार आपोआप मिटणारं होतं तरी त्यांनी ते आपल्या हातानं ओढून घेतलं.

मी बॅग खांद्यावर चढवली आणि पायऱ्या दोन-दोन करून उतरले.